जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडा खरंच फुटतो का?

अब्दुल हमीद यांनी १९६५ च्या युद्धात साध्या जीपवरून पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले यात अतिशयोक्ती किती, असं तुम्ही विचारलंय. रणगाडे फोडले यात अतिशयोक्ती काहीच नाही. मी फौजी नव्हे, दारव्हा तालुक्यातला कास्तकार आहे. पण आमचे मोठेबाबा पायदळात याच तोफेवर होते. १०६ मिलिमीटरची आरसीएल, म्हणजे रिकॉइललेस, मागे धक्का न देणारी.

मोठेबाबा चुलीजवळची फुंकणी उचलून समजावत. "दोन्हीकून उघडी हाये का नाही? गोळा इकून जाते, जाळ तिकून." मागे वाट असल्यामुळे तोफेला धक्का बसत नाही, म्हणून ती जीपवर मावते. गोळाही वेगळा. तो पोलाद वेगाच्या जोरावर फोडत नाही, आतल्या स्फोटाची धार एका जागी आणून भोक पाडतो.

खोट एकच, पण जीवघेणी. बार उडाला की मागे जाळ आणि धुळीचा लोट उठतो आणि शत्रूला तुमची जागा कळते. जीपला चिलखत नाही. म्हणून बार केला की पळायचं, दुसरा धुरा, म्हणजे बांध, गाठायचा.

सप्टेंबर १९६५, पंजाबातला खेमकरण भाग, असल उत्तरची लढाई. उभा ऊस आणि पाणी सोडलेली वावरं. भादव्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतला की काय होतं ते आठवा, आणि तिथे पॅटन ठेवा.

हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, शिंप्याचा मुलगा, ४ ग्रेनेडियर्समध्ये कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. म्हणजे रेशन, कपडे, सामानाचा हिशेब! मोठेबाबांना याचंच जास्त कौतुक. आरसीएलवर त्यांचा हात मात्र पक्का होता.

१० सप्टेंबरला ते जीप घेऊन बाजूला सरकले. पुढचा रणगाडा उडवला, लगेच जागा बदलली, दुसरा पेटवला. परमवीर चक्राच्या मानपत्रात हे याच क्रमाने आहे. एकूण आकड्यावर लोक भांडतात. मोठेबाबा चिडायचे, "जीप किती खेपा हालवली ते काहून नाही इचारत?"

दुसऱ्या रणगाड्यानंतर मात्र शत्रूने जीप हेरली. मशीनगन आणि तोफगोळे तिच्यावरच येऊ लागले. हमीद आणखी एका रणगाड्यावर मारा करत राहिले आणि त्यातच एका गोळ्याने ते गेले. वय ३२.