निर्वासितांसोबत काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. संपत आलंय, आता दुसरी पदवी घेऊ की थेट छावणीत जाऊ, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते इतक्यात दोन्ही नको. आधी हाताला एखादं नेमकं काम येऊ द्या.

संस्थांना पाण्याचा, हिशेबाचा, नोंदणीचा, कायद्याचा माणूस हवा असतो. 'स्फिअर' या आपत्तीतल्या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार माणशी रोज किमान 15 लिटर पाणी आणि साधारण 20 जणांमागे एक शौचालय लागतं. एका रात्रीत दहा हजार माणसं आली की रोजचं दीड लाख लिटर पाणी उभं करावं लागतं. हे गणित सोडवणाऱ्याला सगळीकडे मागणी आहे.

तुमचा विषय पाहता कायद्याची बाजू जवळची. 1951 चा निर्वासितविषयक करार शब्दन् शब्द वाचा. छळाची भीती वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशामुळे आहे, यावर सगळं प्रकरण उभं राहतं. कलम 33 तर पाठच करा: जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत धाडता येत नाही.

आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखतींना मी बरीच वर्षं बसतोय. एका बाईंनी गाव सोडल्याची तारीख तीनदा वेगवेगळी आली. नव्या सहकाऱ्याने शेरा मारला, 'विसंगती'. मी दुभाष्याला त्यांचेच शब्द सांगायला लावले. त्या म्हणत होत्या, "कापणी झाली होती, मळणी राहिली होती." महिना दुभाषी अंदाजाने घालत होता, दर वेळी वेगळा. त्या एका शेऱ्यावर अर्ज फेटाळला गेला असता. म्हणून सांगतो, अरबी, फ्रेंच, अफगाणिस्तानातली दारी, स्वाहिली यांपैकी एक भाषा मनापासून शिका.

बहुतेक निर्वासित छावण्यांबाहेर, शहरांत राहतात. त्यामुळे आपल्याच शहरातल्या कायदेशीर मदत केंद्रापासून सुरुवात करता येते. रिलीफवेब या मदतकार्याच्या संकेतस्थळावरच्या नोकरीच्या जाहिराती आत्तापासून वाचा, कोणती कौशल्यं पुन्हा पुन्हा मागतात ते कळेल. पुढे संयुक्त राष्ट्रांची स्वयंसेवक योजना आहे. कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या योजनेत मात्र पुष्कळ जागा पैसे देणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठीच असतात, अट आधी पाहा.

आणि किमान सहा महिने देता येणार नसतील, तर लोकांच्या कहाण्या ऐकण्याचं काम मागू नका. दर महिन्याला नव्या माणसापुढे तेच सगळं पुन्हा सांगणं त्यांना फार जड जातं. तोवर अर्ज भरून द्या, मुलांचा अभ्यास घ्या.