कतरिना गेली, गॉर्डन अजून यादीत आहे

गेल्या अंकातल्या चक्रीवादळांवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यांतल्या चार पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : अमेरिकेकडच्या वादळांची नावं दर सहा वर्षांनी परत येतात, पण कतरिनासारखं एखादं नाव कायमचं काढून टाकतात, असं वाचलं. हे ठरवतं कोण? आणि काढलेल्या नावाच्या जागी नवं कसं येतं? (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

तुमचं पत्र वाचलं आणि आधी ट्रंक उघडून एक कागद बाहेर काढला. १९८८ साली मी एका मालवाहू जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. खलाशी आम्हाला 'मार्कोनी साब' म्हणायचे. अटलांटिकमध्ये त्या मोसमात येऊ शकणाऱ्या वादळांची एकवीस नावं मी टाइप करून रिसीव्हरच्या वर चिकटवली होती. अल्बर्टो, बेरिल, क्रिस, डेबी, अर्नेस्टो, फ्लॉरेन्स, गिल्बर्ट, हेलीन, आयझॅक, जोन, कीथ, लेस्ली, मायकल, नदीन, ऑस्कर, पॅटी, राफाएल, सँडी, टोनी, व्हॅलरी, विल्यम. एक पुरुषाचं, एक बाईचं, असं आलटून पालटून. क्यू, यू, एक्स, वाय आणि झेड या अक्षरांची नावं पुरेशी मिळत नाहीत, म्हणून ती अक्षरं गाळलेली.

अशा सहा याद्या आहेत. वर्षाला एक वापरतात आणि सातव्या वर्षी पहिली परत येते. म्हणजे माझ्या भिंतीवरची यादी १९९४, २०००, २००६, २०१२, २०१८ आणि २०२४ मध्ये पुन्हा वापरात आली. मध्यंतरी मी दर्या सोडून दापोलीला घरी आलो, १९९९ मध्ये जहाजांवरचं मोर्स, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांतून अक्षरं आणि आकडे पाठवायची पद्धत, तीही गेली, पण कागद ठेवला. एखादं नाव बाद झालं की लाल पेन्सिलीने खोडायचं आणि वर नवं लिहायचं, हा माझा नेम.

पहिली लाल रेघ गिल्बर्टवर आहे. १३ सप्टेंबर १९८८ला आम्ही धान्य भरून मिसिसिपीच्या मुखाशी नांगरावर होतो. गिल्बर्ट आदल्याच दिवशी जमैकावरून गेलं होतं. संध्याकाळचं बुलेटिन कानाने ऐकत थेट टाइप करत होतो : नाव, अक्षांश, रेखांश, वारा आणि मग हवेचा दाब ८८८ मिलिबार. कागद कॅप्टनसाहेबांच्या हातात दिला. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मार्कोनी, पहिला आकडा नऊ असणार. परत बघ." त्यांची शंका रास्त होती. मोर्समध्ये आठ म्हणजे डा-डा-डा-डिट-डिट आणि नऊ म्हणजे डा-डा-डा-डा-डिट. फरक एका ठोक्याचा, आणि रेडिओवर खरखर भरपूर. शिवाय दाब जितका कमी तितकं वादळ जोरदार, आणि आठशेतला दाब आमच्यापैकी कोणी ऐकलाच नव्हता, ब्रिजवरच्या बॅरोमीटरची तबकडीही तिथवर उतरत नव्हती. पुढच्या बुलेटिनची वाट बघत आम्ही दोघं रेडिओ रूममध्येच बसून राहिलो. पुन्हा पहिला आकडा आठच आला. अटलांटिकच्या वादळात तोवर मोजलेला तो सगळ्यात कमी दाब होता. पुढे २००५ मध्ये विल्मा ८८२पर्यंत उतरली.

नावं कशाला लागतात हे त्या खोलीत बसलेल्याला वेगळं सांगावं लागत नाही. एका ठोक्याने आकडा बदलतो. समुद्रात एकाच वेळी दोन वादळं असली आणि नुसते अक्षांश-रेखांश आले, तर कुठला आकडा कुठल्या वादळाचा याचा घोटाळा होतो. 'गिल्बर्ट'मधलं एखादं अक्षर खरखरीत गेलं तरी ते गिल्बर्टच राहतं.

आता ठरवतं कोण ते. जागतिक हवामान संघटनेची एक हरिकेन समिती आहे. उत्तर आणि मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतल्या देशांच्या हवामान खात्यांचे प्रतिनिधी तिच्यात बसतात. मोसम ३० नोव्हेंबरला संपतो आणि पुढचा सुरू व्हायच्या आत, वसंतात, त्यांची बैठक होते. ज्याला तडाखा बसला तो देश तिथे मागणी करतो की हे नाव पुन्हा नको. इतकी माणसं गेली किंवा इतके डॉलर बुडाले म्हणजे नाव आपोआप बाद, असं माप नाही. बहुधा मागणी मान्य होते आणि त्याच अक्षराचं दुसरं नाव निवडतात. स्त्रीच्या जागी स्त्रीचं, पुरुषाच्या जागी पुरुषाचं. आणि इंग्रजी, स्पॅनिश किंवा फ्रेंच बोलणाऱ्यांच्या ओळखीचं. २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्स शहर बुडवणाऱ्या कतरिनाच्या जागी कातिया आली ती अशी. ज्यांच्या घरातलं माणूस त्या पाण्यात गेलं, त्यांना सहा वर्षांनी बातम्यांत तेच नाव रोज ऐकायला लावू नये, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या कागदावर बघा. १९८८च्या मोसमानंतर गिल्बर्ट आणि जोन बाद झाली, त्यांच्या जागी गॉर्डन आणि जॉइस आली. २०००च्या मोसमानंतर कीथ गेलं, कर्क आलं. सँडी हे नाव तर किती वर्षं नुसतं खाली पडून होतं, कारण वादळांची संख्या एस अक्षरापर्यंत पोचतच नव्हती. २०१२ मध्ये ते पहिल्यांदा वापरलं गेलं, २९ ऑक्टोबरला न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळलं आणि त्या एका वापरानंतरच बाद झालं. १९८८ साली ते नाव मी स्वतः टाइप केलं होतं, आणि चोवीस वर्षांनी ते टीव्हीवर बघत होतो. आता तिथे सारा आहे. २०१८च्या मोसमानंतर फ्लॉरेन्सच्या जागी फ्रान्सीन आणि मायकलच्या जागी मिल्टन आलं. मिल्टनला एकच फेरी मिळाली. २०२४ मध्ये ते फ्लोरिडावर गेलं आणि एप्रिल २०२५ मध्ये बाद झालं. त्याच्याबरोबर ग्रेनेडाचं कारियाकू बेट भुईसपाट करणारं बेरिल गेलं, आणि फ्लोरिडापासून नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांपर्यंत दोनशेहून अधिक माणसं घेणारं हेलीनही गेलं. ब्रिआना, हॉली आणि मिगेल ही नवी नावं मी लिहिली. मायकलच्या वर मिल्टन आधीच खोडलेलं असल्यामुळे मिगेलला जागा नव्हती, ते समासात लिहिलं. मूळच्या एकवीसपैकी तेरा नावं अजून जागेवर आहेत.

पण एका नावावर लाल रेघ नाही आणि ते मला डाचतं. गिल्बर्टच्या जागी आलेलं गॉर्डन नोव्हेंबर १९९४ मध्ये हैतीच्या जवळून गेलं. वारा फार नव्हता, पण पाऊस प्रचंड झाला. झाडं तोडून बोडके झालेले डोंगर चिखल होऊन गावांवर आले आणि हजारावर माणसं गेली. तरी नाव बाद झालं नाही. २०००, २००६, २०१२, २०१८, २०२४, दर खेपेला गॉर्डन यादीत होतंच, २०३०लाही असेल. त्या वर्षी हैतीत नुकतंच परदेशी सैन्य उतरलं होतं आणि परागंदा राष्ट्राध्यक्ष महिन्यापूर्वीच परतले होते. ज्या देशात मेलेल्यांची मोजदादही धड होत नाही, त्याने बैठकीला जाऊन हात वर करावा, ही अपेक्षाच मला चुकीची वाटते. मागणी करायला घर शाबूत लागतं. समितीने आपणहून ते नाव काढायला हवं होतं, असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

प्रश्न : माझा मुलगा ह्यूस्टनला आहे. २०२० मध्ये तिकडे बीटा नावाचं वादळ आलं होतं, असं तो सांगतो. आता ग्रीक नावं बंद झाली म्हणे. का? (डोंबिवली)

एकवीस नावं संपली की ग्रीक अक्षरं घ्यायची, असा जुना नियम होता. २००५ मध्ये आणि मग २०२० मध्ये ती वेळ आली. २०२० मध्ये तर तीस वादळांना नावं द्यावी लागली. त्यात झीटा, ईटा आणि थीटा ओळीने आली. ही तीन नावं रेडिओवरून ऐकून वेगळी ओळखून दाखवा, असं मी अजूनही कोणालाही म्हणेन. त्यातच नोव्हेंबरमध्ये ईटा आणि आयोटा दोन आठवड्यांच्या आत निकाराग्वाच्या जवळजवळ एकाच किनाऱ्यावर आली. दोन्ही नावं बाद करणं भाग होतं, पण वर्णमालेतलं अक्षर काढलं तर त्याच्या जागी घालायचं काय? मार्च २०२१ मध्ये समितीने ग्रीक अक्षरं कायमची थांबवली आणि एकवीस माणसांच्या नावांची जादा यादी तयार केली. मुलाला म्हणावं, यापुढे बीटा येणार नाही.

प्रश्न : वादळांना मुलींचीच नावं का द्यायचे? (इयत्ता आठवी, सांगली)

चांगलं विचारलंस. अमेरिकेच्या हवामान खात्याने १९५३ पासून फक्त बायकांची नावं वापरली. त्याआधी तीन वर्षं एबल, बेकर, चार्ली असे सैन्यातले अक्षरसंकेत होते. फ्लोरिडातल्या रॉक्सी बोल्टन यांच्यासारख्या बायकांनी याविरुद्ध आवाज उठवला. विध्वंसाला बायकांचीच नावं का, असं त्या विचारत होत्या, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. १९७९ पासून अटलांटिकमध्ये पुरुषांचीही नावं आली. त्याच वर्षीची डेव्हिड आणि फ्रेडरिक ही नावं पुढे बाद झाली.

बाद करायची पद्धतही सुरुवातीला अर्धीच होती. १९५४च्या कॅरोलनंतर ते नाव दहा वर्षं बाजूला ठेवायचं ठरलं, आणि १९६५ मध्ये कॅरोल परत आलीसुद्धा! कायमचं बाद करायची रीत नंतर रुळली. तुझ्या वर्गात सांगायला आणखी एक : सगळ्यात जास्त बाद झालेली नावं आय या अक्षराची आहेत. मोसमातलं नववं वादळ बहुधा सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास येतं आणि तेव्हाच समुद्र सगळ्यात तापलेला असतो. आयव्हन, आइक, आयरीन, अर्मा, आयडा, इयन, मोजत बस.

प्रश्न : ३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमची सुपारीची वाडी आडवी झाली. पंचनाम्यावर आणि बँकेच्या कागदांवर 'निसर्ग चक्रीवादळ' एवढंच लिहिलं आहे. पुढेमागे याच नावाचं दुसरं वादळ आलं, तर कागदांचा घोटाळा होणार नाही का? आपल्याकडे नाव बाद करतात का? (श्रीवर्धन)

ताई, तो दिवस मीही इकडे दापोलीत काढला. दुपारी वारा वाढला तसे शेजारच्या पडवीचे पत्रे कागदासारखे उडताना पाहिले. संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा मागच्या आगरात सुपारीचं एकही झाड सरळ नव्हतं, सगळ्या पोफळी एकाच दिशेला झोपल्या होत्या. सुपारी धरायला किती वर्षं जातात हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमची शंका योग्य जागची आहे. नाव बाद करण्यामागे अमेरिकेकडेही भावनेइतकंच हेही कारण आहे, की विम्याच्या, कोर्टाच्या आणि इतिहासाच्या कागदांत गोंधळ होऊ नये. तिकडे नुसतं 'फ्लॉरेन्स' लिहून भागत नाही, १९८८चं की २०१८चं ते सांगावं लागतं.

आपल्या समुद्रात तो प्रश्न येत नाही, कारण इथे नाव एकदाच वापरतात. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांच्यासाठी आठ देशांनी ६४ नावं दिली होती. २००४च्या ओनिलपासून ती वापरात आली आणि मे २०२०च्या अम्फानला शेवटचं नाव संपलं. दुसरी यादी तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावांची केली. बांगलादेशने सुचवलेलं 'निसर्ग' हे तिच्यातलं पहिलंच नाव. नाव जाहीर करण्याचं काम दिल्लीचं आपलं हवामान खातं करतं. पुढे गती, निवार, बुरेवी, तौक्ते अशी क्रमाने एकेक नावं संपत जातात. ऑगस्ट २०२४चं असना चक्रीवादळ म्हणून किनाऱ्यावर न आदळता समुद्रातच विरलं, तरी तेही नाव परत येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दित्वाहने श्रीलंकेत शेकडो माणसं नेली. ते नाव बाद करा म्हणून श्रीलंकेला कुठल्या बैठकीत उठावं लागणार नाही. हैतीची गोष्ट वर लिहिली आहे, म्हणून मला आपली पद्धत जास्त न्यायाची वाटते.

तेव्हा 'निसर्ग' तुमच्या कागदावर एकाच वादळाचं नाव राहील. तरी एक करा. वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, तौक्ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं आणि अनेक वाड्यांना दुसऱ्यांदा मार बसला. त्या नावाचं स्पेलिंग आणि उच्चार यांवरून कागदोपत्री तौक्ते, तोक्ते, ताउते असं काहीही लिहिलेलं सापडतं. दोन्ही वेळचं नुकसान एकाच फाइलमध्ये असेल, तर प्रत्येक अर्जावर नावाच्या पुढे तारीख घाला, आणि कुठल्या तारखेला किती पोफळी आणि किती माड गेले ते वेगवेगळं लिहा. पंचनाम्याची एक झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराच्या वरच्या फडताळात ठेवा.