वेल्डिंगचा छंद आहे, पंचेचाळिशीनंतर त्यावर घर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की वय ४६ आहे, वडोदऱ्यात ऑफिसची नोकरी आहे, चार वर्षांपासून गच्चीवर इन्व्हर्टर मशीनवर वेल्डिंग करता, स्टूल, कुंड्यांचे स्टँड, घरच्या जाळ्या छान जमतात. यावर पुढचं आयुष्य काढता येईल का, आणि त्यासाठी आधी कोणतं मोठं मशीन घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

काढता येईल. मशीन मात्र आत्ता घेऊ नका.

मी २२ वर्षं एका कंपनीत हिशेब सांभाळला. ४८व्या वर्षी नोकरी सोडली आणि मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत अर्धी शेड भाड्यानं घेतली, त्याला आता सात वर्षं झाली. झोपाळ्याचे स्टँड, जिन्याचे कठडे आणि जुन्या घरांतल्या लोखंडी कामाची दुरुस्ती, एवढंच करतो. मोठी गेटं आणि शेडचे ट्रस, म्हणजे छताचे सांगाडे, घेत नाही. ती कामं दहा-दहा माणसं ठेवणारे लोक किलोच्या दरानं करतात आणि त्या दरात एकट्या माणसाला परवडत नाही. दुरुस्ती मात्र त्यांना नको असते. शंभर वर्षांच्या वाड्यातल्या ग्रिलचं तुटलेलं फूल जुळवून द्यायला कोणाकडे वेळ नसतो, आणि डांडिया बाजार, रावपुऱ्यात अशी घरं अजून बरीच आहेत. फक्त हात लावण्याआधी ते लोखंड साधं आहे की बिडाचं (ओतीव), हे बघायला शिका. बीड साध्या रॉडनं जोडलंत तर थंड होताना जोडाच्या बाजूलाच तडकतं.

गच्चीवर काम करताना आपण वेळ मोजत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खर्चाचे हिशेब केले, तरी माझे स्वतःचे तास पहिलं वर्षभर कुठेच लिहिले नाहीत. मग एका झोपाळ्याच्या स्टँडचा हिशेब वहीत मांडला. ४८.३ मिमी बाहेरचा व्यास आणि ३.२ मिमी जाडीचा पाईप मीटरला ३.५६ किलो भरतो. १४ मीटर लागला, म्हणजे जवळपास ५० किलो. इथपर्यंत सगळं ठीक होतं. प्रत्यक्ष वेल्डिंगला गेले सव्वादोन तास. पाईप कापणं, टोकांना खाच घेणं, गुण्यात (काटकोनात) धरून टॅक म्हणजे पकडीपुरते टाके मारणं, ग्राइंडिंग, गंज रोखणारा रेड ऑक्साइड, रंगाचे दोन हात, टेम्पोत चढवणं आणि घरी जाऊन बसवणं यात गेले साडेअकरा. मी दर लावला होता वेल्डिंग डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हा आजच एक वही करा आणि तुमच्या पुढच्या पाच वस्तूंचे सगळे तास लिहा, बाजारात जाऊन पाईप आणायचेसुद्धा. गोल सळईचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ नं भागा, मीटरचे किलो येतात. १२ मिमीची सळई ०.८८९ किलो. लोखंडाचा भाव सतत बदलतो, म्हणून कोटेशनवर ते किती दिवस चालेल हे लिहा आणि माल घेण्याआधी निम्मे पैसे घ्या, ओळखीच्या माणसाकडूनही.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिल्याच वर्षी एका घरी झोपाळा बसवला. तीन आठवड्यांनी फोन आला, वरच्या कडीपाशी टकटक आवाज येतो. कडी उतरवून आणली. वेल्ड वरून इतकं एकसारखं होतं की मला त्याचा अभिमान होता. ग्राइंडरनं मधोमध कापलं तेव्हा दिसलं, पाईपच्या अंगाला धातू नुसता टेकला होता. आत शिरलाच नव्हता. पाईपवरचा काळा तेलकट थर मी घासला नव्हता आणि भोक पडेल या भीतीनं करंट कमी ठेवला होता. त्या झोपाळ्यावर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसायच्या. पैसे परत केले, स्टँड नवा करून दिला आणि ती कापलेली कडी अजून शेडमध्ये खिळ्याला टांगलेली आहे.

त्यानंतर आठ महिने मी दर रविवारी एका म्हाताऱ्या गुजराती मिस्त्रींच्या हाताखाली राबलो. त्यांचं एकच पालुपद असायचं, ‘उतावळ ना करो भाई, पहेला घसो, पछी जोडो.’ त्यांनी शिकवलेली परीक्षा तुम्ही याच रविवारी करा. ६ मिमीच्या दोन पट्ट्या टी आकारात उभ्या करा, एकाच बाजूनं वेल्ड करा, गार झाल्यावर उभी पट्टी वेल्डच्या दिशेनं घणानं पाडा. फुटलेल्या जोडात मुळापर्यंत चकचकीत दाणेदार धातू दिसला तर ठीक. मुळाशी पट्टीची सपाट कड तशीच दिसली किंवा काळी रेघ दिसली, तर तो जोड फक्त दिसायला होता. ६०१३ जातीचा ३.१५ मिमीचा वेल्डिंग रॉड १०० ते १३० अँपिअरवर चालतो. खालच्या आकड्यावर सुरुवात करून असे वीस जोड फोडा. मोठ्या मशीनचे पैसे रॉड आणि पट्ट्यांवर घाला.

नोकरी सोडण्याआधी सहा महिने सुट्टीच्या दिवशी कोणाच्या तरी शेडमध्ये खरंच काम करा. रीतसर शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, आपल्याकडे गोरवा आणि तरसालीला आयटीआय आहेत. काही जण तुम्हाला ६जी चं सर्टिफिकेट काढा असं सांगतील. ४५ अंशात तिरक्या बांधलेल्या पाइपची ती परीक्षा अवघड आहे आणि प्रेशर व्हेसलच्या (दाबाखाली चालणाऱ्या टाक्यांच्या) कारखान्यात तिला मोल आहे, पण एएसएमई या अमेरिकन अभियंता संस्थेच्या नियमांत ती पात्रता त्या कंपनीपुरती असते आणि सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही तर संपते. झोपाळे आणि कठडे करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

कागदपत्रं सोपी आहेत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. घरगुती मीटरवर धंदा करू नका.

धुराबद्दल कृपा करून हलगर्जी करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाइपवरचं जस्त घासून काढल्याशिवाय आर्क मारू नका. मी एकदा मारला, रात्री थंडी वाजून ताप भरला. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही, फिल्टरचा मास्क घ्या आणि पंखा असा लावा की धूर तुमच्या तोंडावरून न जाता बाजूला जाईल.

आपल्या या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, हातानं काम करणाऱ्याला शास्त्र कळावं म्हणून. ऑफिसातून उठून शेडमध्ये जाताना नातेवाईक काय म्हणतील याची चिंता तुमच्या प्रश्नात दिसली, म्हणून ही आठवण दिली.

झोपाळ्याच्या प्रत्येक स्टँडला मी आता वाळूच्या ५० किलोच्या सहा गोण्या रात्रभर टांगून ठेवतो. सकाळी गोण्या उतरवतो, बॅटरी घेऊन एकेक जोड जवळून बघतो, आणि मग गिऱ्हाइकाला फोन करतो.