डेमियन मार्लीला वारशात नेमके काय मिळाले?

प्रश्न : जमैकाचा विख्यात रेगे गायक बॉब मार्ली याचा मुलगा असल्यामुळे संगीतकार डेमियनला सगळे आयतेच मिळाले, असे म्हणता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाव आयते मिळाले, गाणे नाही. डेमियनचा जन्म २१ जुलै १९७८ चा आणि बॉब मार्ली कर्करोगाने गेला ११ मे १९८१ रोजी. तेव्हा हा सर्वांत धाकटा मुलगा पुरता तीन वर्षांचाही नव्हता, त्यामुळे वडिलांपुढे बसून शिकण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. त्याची आई सिंडी ब्रेकस्पिअर ही १९७६ ची ‘मिस वर्ल्ड’. तेराव्या वर्षी त्याने इतर संगीतकारांच्या मुलांना घेऊन ‘शेफर्ड्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यातला शाया कूर पुढे त्याच्याच मैफलींत बास गिटार वाजवू लागला. माझ्या मते त्याला खरी तालीम मिळाली ती थोरला सावत्र भाऊ स्टीफन याच्याकडून. ‘हाफवे ट्री’ (२००१) आणि ‘वेलकम टू जॅमरॉक’ (२००५) या दोन्ही अल्बमांच्या निर्मितीत स्टीफनचा हात आहे, आणि दोन्हींना सर्वोत्कृष्ट रेगे (जमैकात जन्मलेल्या संगीतप्रकारातील) अल्बमचे ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतला मानाचा संगीत पुरस्कार, मिळाले.

प्रश्न : त्याचे गाणे वडिलांसारखे का वाटत नाही? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कारण तो प्रामुख्याने गात नाही, तालावर शब्द फेकतो. जमैकात ध्वनिमुद्रित तालावर लयबद्ध बोलणाऱ्या कलाकाराला डीजे म्हणतात. यू-रॉयने १९७० च्या सुमारास ही शैली लोकप्रिय केली, पुढे डान्सहॉल हे जमैकातले नाचाचे संगीत तिच्यावरच उभे राहिले आणि डेमियन त्याच परंपरेतला आहे. थोरला भाऊ झिगी याचा आवाज वडिलांच्या आवाजाच्या इतका जवळ जातो की तुलना त्याला कधी चुकलीच नाही. डेमियनने वेगळी शैली निवडल्यामुळे त्याला स्वतःचे बोलणे स्वतःच्या पद्धतीने मांडता आले, आणि त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय मी हाच मानतो.

प्रश्न : ‘वेलकम टू जॅमरॉक’ या गाण्यात दुसऱ्याच्या जुन्या गाण्याचा भाग आहे. ही उचलेगिरी नव्हे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नव्हे. आयनी कमोझे याच्या १९८४ च्या ‘वर्ल्ड-अ-म्युझिक’ या गाण्यातून त्याचा ताल आणि त्यातली आरोळी घेतली आहे. मूळ वादन स्लाय डनबारच्या ड्रम्सचे आणि रॉबी शेक्सपिअरच्या बास गिटारचे. जमैकात ड्रम्स आणि बास यांच्या अशा जोडबांधणीला ‘रिडिम’ म्हणतात आणि एकाच रिडिमवर अनेकांनी आपापली गाणी रचावीत, ही तिथली जुनी आणि उघड रीत आहे. नव्या कलाकाराची कसोटी लागते ती त्या तालावर तो काय म्हणतो यात. डेमियनने त्या जड, सावकाश चालणाऱ्या बासवर किनाऱ्यावरच्या पर्यटकांना न दिसणारा जमैका मांडला : वस्त्यांतला गोळीबार, गरिबांचे हाल, मतांसाठी भुलवून नंतर काहीच न करणारे पुढारी. या गाण्याला रेगेच्या चौकटीबाहेरच्या अर्बन/अल्टरनेटिव्ह विभागातही ग्रॅमी मिळाले, हे मला विशेष वाटते.

प्रश्न : ए. आर. रहमान यांच्याबरोबर त्याने काय केले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : २०११ मध्ये मिक जॅगर, जॉस स्टोन, डेव्ह स्ट्युअर्ट, रहमान आणि डेमियन यांनी ‘सुपरहेवी’ नावाने एक अल्बम केला. त्यात ‘सत्यमेव जयते’ हेही गाणे आहे. ऐकायला तो मौजेचा आहे, पण पाच दिशांना ओढला जातो. त्याच्या आदल्या वर्षी रॅपर नॅझबरोबर केलेला ‘डिस्टंट रिलेटिव्ह्ज’ कितीतरी अधिक एकसंध आहे, कारण आफ्रिकेशी असलेले नाते हा एकच विषय त्यात अखेरपर्यंत धरून ठेवला आहे. इथिओपियाच्या मुलातू अस्ताटके याच्या संगीताचा तुकडा तिथे शोभेपुरता येत नाही, विषयातूनच येतो.

प्रश्न : नवख्याने सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ‘हाफवे ट्री’पासून. हे किंग्स्टनमधील एका चौकाचे नाव आहे. वडील गरीब वस्तीतले आणि आई शहराच्या सुखवस्तू भागातली, म्हणून डेमियनने स्वतःला त्या मधल्या जागी उभे केले. ‘जॅमरॉक’मधले ‘रोड टू झायन’ हे नॅझबरोबरचे गाणे मात्र शांतपणे, हेडफोन लावून ऐकावे. अमेरिकन जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डचा जुना आवाज त्यात सुरुवातीपासून तालाखाली विणलेला आहे आणि लहान स्पीकरवर तो हरवतो. ‘स्टोनी हिल’ (२०१७) हा अल्बम सर्वांत शेवटी घ्यावा.