जानापावच्या उतारावर ब्रेक घासतोय? पुन्हा ब्लीड करण्याआधी हे वाचा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की दुकानातून सायकलीच्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकचं तेल बदलून आणलं, सुरुवातीला लिव्हर मस्त कडक लागला, मग तो सावकाश परतायला लागला, आणि आता इंदूरजवळच्या जानापाव टेकडीवरून उतरताना ब्रेक सोडला तरी पुढचं चाक घासत राहतं. पुन्हा ब्लीड करून घेऊ का, म्हणजे आतली हवा आणि जुनं तेल काढून नवं भरून घेऊ का, हा तुमचा प्रश्न. माझ्या सायकलीचं हुबेहूब हेच झालं होतं, म्हणून जरा लांब लिहितो. सध्या ब्लीड करू नका. आत कुठलं तेल गेलंय ते आधी शोधा.

ब्लीड कसं करतात, पॅड कसे काढायचे, यात शिरत नाही. शिमानो, टेक्ट्रो, मगूरा यांच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. होप आणि स्रॅमच्या बऱ्याच मॉडेलांत डॉट फ्लुइड, म्हणजे मोटारसायकलीत घालतात त्याच जातीचं. दोन्हींच्या सीलचं, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या आतल्या कड्यांचं, रबर वेगळं असतं. मिनरलवाल्या ब्रेकमध्ये डॉट गेलं की सील फुगतात. लगेच नाही, हळूहळू, म्हणून पहिले काही दिवस ब्रेक उत्तम वाटतो. मग पॅडना डिस्कवर दाबणारे पिस्टन मागे सरकत नाहीत, पॅड डिस्कला लागून राहतात, डिस्क तापते. डॉटच्या ब्रेकमध्ये मिनरल घातलं तरी सीलची तीच गत.

इंदूरच्या सपाट सुपर कॉरिडॉर रस्त्यावर सकाळी फिरणाऱ्याला हे कळायचंसुद्धा नाही. आपल्याकडे विंध्याची कड उतरायला लागलं की बोटं लिव्हरवरून सुटत नाहीत. मला कळलं ते घाटमाथ्यावरच्या जाम गेट या जुन्या दरवाजाच्या खाली, मुरूम आणि सुट्या काळ्या दगडांच्या वाटेवर, एका बाजूला दरी असताना. पुढचा ब्रेक आपणहून धरून बसला. सायकल हातात धरून उतरलो म्हणून निभावलं.

पण खरा मनस्ताप पुढे झाला, आणि तो तुम्हाला होऊ नये. दुकानाचं नाव घेत नाही. विचारलं तर उत्तर आलं, "ऑइल तो सब एक ही होता है, भिया." सर्व्हिस सेंटरकडे गेलो, तर त्यांनी उघडून दाखवलं की तेल चुकीचं आहे, सील गेलेत, वॉरंटी लागू नाही, आणि हे तेल कुणी घातलं याचा पुरावा आणा. माझ्या बिलावर एकच शब्द होता: "सर्व्हिसिंग". दुकानदार म्हणे आम्ही योग्यच घातलं, सर्व्हिस सेंटर म्हणे मग तसं लिहून आणा, आणि लिहून द्यायला कुणीच तयार नाही. शेवटी लिव्हर, होज (तेलाची नळी), कॅलिपर (चाकाजवळचा, पिस्टन आणि पॅड असलेला भाग) असा पूर्ण सेट पदरच्या पैशांनी घेतला. आजही याचा संताप येतो. चुकीच्या तेलाने माणूस दरीत जाऊ शकतो, आणि बाटलीवरचं लेबल वाचायला किती वेळ लागतो?

म्हणून आज घरी एवढं करा. लिव्हरजवळच्या झाकणावर बहुतेक वेळा तेलाची जात कोरलेली असते, ती वाचा. मग ब्रेकमधलं थोडं तेल काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाका. मिनरल वर तरंगतं, डॉट पाण्यात मिसळून जातं. हातमोजे घाला, आणि डॉट रंगावर सांडू देऊ नका, फ्रेमचा रंग खातं.

मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट निघालं तर नुसतं धुऊन योग्य तेल भरण्यावर माझा विश्वास नाही. फुगलेला सील पुन्हा भरवशाचा होत नाही. शिमानो सील सुटे विकत नाही, म्हणजे सेटच बदलावा लागतो. मी मेकॅनिक नाही, एखाद्या जाणकाराला दाखवून घ्या. पण तोवर जानापाव, चोरल, काळाकुंड, कुठलाच उतार नको. आणि पुढच्या वेळी बिलावर तेलाचं पूर्ण नाव लिहून घ्या. दुकानदार नाही म्हणाला तर सायकल उचलून परत या.

तेल बरोबर निघालं तर पिस्टनभोवती साचलेली माती बघा. पावसाळ्यात माळव्याची काळी माती कॅलिपरमध्ये वाळून घट्ट बसते, तेव्हाही चाक असंच घासतं. तसंही जोराचा पाऊस झाल्यावर दोन-तीन दिवस शेतांकडच्या वाटांवर जाऊ नये असं माझं मत आहे. टायर रुततात, आणि पडलेले चर बैलगाडीवाल्यांना त्रास देतात.



ब्रेकचं मॉडेल आणि ग्लासात काय दिसलं ते इथे लिहा. पूर्ण सेट बदलायचा की कॅलिपर साफ करून भागेल, हे त्यावरून बोलता येईल.