हाफचा हिशेब

तुझा प्रश्न दोनदा वाचला. नोकरीचा कंटाळा आलाय, मामांचा कोथरूडचा गाळा रिकामा होतोय, तिथे चहाचं दुकान काढायचंय, कुणीतरी सांगितलंय की चहात सत्तर टक्के नफा सुटतो. तुला विचारायचंय ते तीन गोष्टींचं: रोजचा दिवस कसा जातो, तयार नावाची फ्रँचायझी घ्यावी की स्वतःची पाटी लावावी, आणि बसायला किती जागा ठेवावी. मी पुण्यात नवी पेठेत २००७ पासून अमृततुल्य, म्हणजे चहाचं दुकान चालवतो. त्याआधी तीन वर्षं दुसऱ्याच्या ओट्याखाली कप विसळले. तू वयाने लहान असशील असं धरून एकेरी लिहितोय, राग मानू नकोस.

सत्तर टक्क्यांचं आधी मिटवू. माझ्याकडे एक लिटर चहाला साधारण साडेसहाशे मिली म्हशीचं दूध जातं. बहात्तर रुपये लिटरने ते झाले सत्तेचाळीस. पंचवीस ग्रॅम पत्तीचे दहा, साखरेचे साडेतीन-चार, आलं-वेलदोड्याचे तीन, गॅसचे चार. म्हणजे लिटरला अडुसष्ट रुपये, आणि त्यातून निघतात बारा हाफ, म्हणजे अर्धे कप. एक हाफ मला साडेपाच-पावणेसहाला पडतो आणि बारा रुपयांना जातो. सत्तर टक्के कुठून येणार? येतात, पाणी वाढवलं की येतात. मग गिऱ्हाईक येत नाही.

बऱ्या दिवशी साडेतीनशे हाफ जातात. गल्ल्यात बेचाळीसशे. मालाचे दोन हजार वजा कर, भाड्याचे रोजचे सहाशे, पोऱ्याचे पाचशे, लाईट, फुटलेले कप आणि नासलेलं दूध मिळून दीड-दोनशे. हातात नऊशे-हजार उरतात आणि त्यात मी आणि बायको अशा दोन माणसांचे सोळा-सतरा तास आहेत. खारी, क्रीमरोल, नानकटाई वर थोडं देऊन जातात. तुझा गाळा मामांचा आहे, भाडं वाचेल म्हणतोस. मामा दुसऱ्या वर्षीही तेच म्हणतील का, ते आधी कागदावर घे.

आता दिवस. सव्वाचारला उठणं, पाचला शटर. पाच ते सहा पेपरवाले, रिक्षावाले, रात्रपाळीवरून सुटलेले वॉचमन. यांना बोलायला वेळ नसतो, चहा कडक लागतो आणि सुटे पैसे तेच देतात. साडेसहाला फिरायला जाणारे ज्येष्ठ. पाच जण, तीन फुल, त्याचे पाच भाग, आणि महापालिकेपासून मंत्रिमंडळापर्यंत सगळ्यांची झाडाझडती. आठनंतर अभ्यासिकेतली मुलं. अकराला आजूबाजूच्या दुकानांच्या किटल्या. दुपारी दोन ते साडेतीन पेठ झोपते, तेव्हा भांडी. चार ते साडेसहा मात्र मान वर करायला सवड नसते, दिवसाचा निम्मा गल्ला याच अडीच तासांत होतो. नऊला शटर, दहापर्यंत घासपूस.

हे सगळं कुणीही करेल. अवघड आहे ते वेगळंच. गिऱ्हाईकाला आज कालचाच चहा हवा असतो. कालच्यापेक्षा चांगला दिलास तरी तो कप खाली ठेवून तुझ्याकडे बघतो. एका साली माझ्या पत्तीवाल्याने न सांगता मिश्रण बदललं. रंग तोच, वास तोच, मला स्वतःला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पाचांतले एक आजोबा अर्धा कप पिऊन म्हणाले, "हे काय, आज तुम्ही बसला नव्हतात का?" मी तर समोरच बसलो होतो. गोणी उघडून पाहिली तर दाणा बारीक, डस्ट म्हणजे पत्तीची भुकटी जास्त. डस्टने रंग पटकन येतो आणि पातेलं दहा मिनिटं जास्त राहिलं की चहा कडवट होतो. दाणेदार पत्तीला उकळी जास्त लागते पण ती चव धरून ठेवते. मी दोन भाग दाणेदार आणि एक भाग डस्ट घेतो आणि तेव्हापासून प्रत्येक गोणीतली मूठभर पत्ती पांढऱ्या कागदावर पसरून पाहतो.

तोच चहा रोज देणं एवढं कठीण का, तर हातात येणारी एकही वस्तू रोज तीच नसते. थंडीत म्हशीचं दूध दाट असतं, उन्हाळ्यात पातळ आणि उतरायच्या घाईत. पाण्याचं माप त्याप्रमाणे हलवावं लागतं. आलं साताऱ्याकडचं येतं. नवं आलं रसाळ आणि सौम्य, जुनं झालं की धागे आणि तिखटपणा वाढतो, तेव्हा तेवढ्याच वजनाने घसा जळतो. आल्याचा एक धडा तर मी फुकट देतो, मला तो पाच लिटर दुधाला पडला होता. शिकत होतो तेव्हा मालक बाहेर गेले आणि मी शहाणपणाने ठेचलेलं आलं कोमट दुधात टाकलं. डोळ्यांदेखत पनीर. आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, ते खळखळत्या पाण्यात मरतं. म्हणून आधी पाणी, त्यात आलं, चांगली उकळी, मग साखर आणि पत्ती, दूध शेवटी. मालकांनी आल्यावर काही म्हटलं नाही, ते फाटलेलं दूध टांगून ठेवलं आणि आठवडाभर मला डब्यात तेच दिलं.

ते मालक श्रीमाळी ब्राह्मण, राजस्थानातून आलेल्या घराण्यातले. पुण्यातली जुनी अमृततुल्यं बहुतेक याच लोकांनी उभी केली. पाटीवर देवाचं नाव, ओट्यावर मांडी घालून मालक स्वतः, समोर पितळी पातेलं, बाजूला वेलदोडा कुटायचा खलबत्ता. त्या कुटण्याच्या आवाजावर रस्त्यावरचा माणूस वळायचा. मी त्यांची बरीच नक्कल केली. पितळी पातेलंही घेतलं, पण त्याला कल्हई लागते आणि कल्हईवाला आता शोधावा लागतो. चार वर्षांपूर्वी स्टीलवर आलो. दोन आजोबा अजून म्हणतात चव गेली. मला वाटतं त्यांनी पातेलं पाहिलं म्हणून गेली. खलबत्ता मात्र ठेवलाय, आणि मिक्सर घरी असूनही वेलदोडा दुकानातच कुटतो. याला नाटक म्हण हवं तर.

आणि चहा तीन-तीन लिटरचाच टाक. सकाळी मोठं पातेलं चढवून दुपारपर्यंत गरम करत राहणारे पाहिलेत मी. त्यांच्याकडे गिऱ्हाईक एकदा जातं.

फ्रँचायझीबद्दल मी पूर्वग्रहदूषित आहे, हे धरूनच वाच. मसाला पाकिटातून येतो, पत्ती त्यांचीच, माप ठरलेलं. म्हणजे वर जे मी रडगाणं गायलं ते सगळं ते लोक करून देतात, आणि ज्याला ओट्यावर बसायचंच नाही त्याला ते बरंच आहे. पण दूध ते पाठवत नाहीत. दूध तुझ्या गल्लीतलंच असणार आणि चव तिथेच हलते. माझ्या ओळखीच्या एकाने सात-आठ लाख घातले, नोकर ठेवले, स्वतः संध्याकाळी फक्त गल्ला मोजायला जायचा. दीड वर्षात शटर खाली. नाव मोठं होतं, पण सकाळच्या माणसाला ओट्यावर दर महिन्याला नवीन चेहरा दिसत होता.

कागदपत्रांचं फार घाबरू नकोस. अन्नसुरक्षेची नोंदणी ऑनलाइन होते. एक-दोन कामगारांच्या दुकानाची २०१७ च्या कायद्याप्रमाणे नुसती माहिती कळवायची असते. गॅस मात्र व्यावसायिक, एकोणीस किलोचाच. घरचा लाल सिलिंडर आणायचा मोह होईल, आणू नकोस. पोऱ्या ठेवशील तो चौदाच्या वरचाच हवा, आणि खरं सांगायचं तर अठराच्या वरचाच ठेव.

पैशांचं बोलू. उधारीची वही सगळ्यांकडे असते, माझ्याकडे ती दोनदा फुगली. एकदा २०१६ च्या नोव्हेंबरात, नोटाबंदीत. सात रुपयांच्या चहाला दोन हजारांची नोट कोण मोडणार? लिहून ठेवत गेलो. वहीतले जवळजवळ सगळे पैसे फेब्रुवारीपर्यंत आले, आणि जे आले नाहीत ते कोट-टायवाल्या एका ऑफिसचे होते. दुसऱ्यांदा २०२० ला, पण मग टाळेबंदीत दुकानच बंद झालं, त्यामुळे फुगलेली वही तशीच राहिली. तीन खाती मी स्वतःच्या हाताने काट मारली, ती माणसंच परत आली नाहीत. आता स्कॅनर आहे, डबा ओरडून सांगतो किती आले. गर्दीत नुसता मोबाईल दाखवून निघणारेही असतात, म्हणून डब्याचा आवाज मोठा ठेव. पोऱ्याला आणि भाजीवालीला मात्र रोख लागते, तेव्हा सुट्यांची बरणी रिकामी होऊ देऊ नकोस.

पार्सल चहा पूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत जायचा, २०१८ च्या बंदीनंतर ते संपलं ते बरंच झालं. माझ्या नऊ स्टीलच्या किटल्या पेठेत फिरतात. संध्याकाळी आठच परत येतात. नववी रोज वेगळ्या दुकानात सापडते.

सणावारांचं एवढंच सांगतो की गणपतीत दहा दिवस रात्री दोनपर्यंत उघडं ठेवावं लागतं आणि त्या दहा दिवसांवर दिवाळीचा बोनस निघतो. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात त्या दोन दिवशी वारकऱ्यांकडून पैसे घेत नाही. आमच्या गल्लीत कुणीच घेत नाही, घेतलेस तर लोक बोलणार नाहीत, फक्त येणं बंद करतील.

राहिला बसायच्या जागेचा प्रश्न. मी आठ स्टुलांनी सुरुवात केली. नवी पेठ म्हणजे स्पर्धा परीक्षेची मुलं. एक हाफ आणि त्यावर अडीच तास चालू घडामोडी. जाहिरात निघाली नाही, पेपर पुढे गेला, घरून फोन आला, सगळं त्या स्टुलांवरच. संध्याकाळच्या गर्दीत उभं राहून पिणारा माणूस आत बघतो, जागा नाही म्हणून पुढच्या टपरीवर जातो. मी पंखा बंद करून पाहिला, पाटी लावून पाहिली. पाटीवर एकाने पेनाने व्याकरणाची चूक दुरुस्त केली. शेवटी चार स्टुलं काढून टाकली आणि बाहेर भिंतीला कोपर टेकेल एवढ्या उंचीची एक फळी ठोकली. उभ्या माणसाचा चहा सात मिनिटांत संपतो. कोथरूडला तुझ्या गाळ्याजवळ अभ्यासिका आहे का, कॉलेज आहे का, की नुसत्या सोसायट्या, ते लिही. सोसायट्या असतील तर सहा स्टुलं आण आणि त्यातली दोन पाठ असलेली घे, गुडघे दुखणारी माणसं सकाळी येतात. अभ्यासिका असेल तर चारच, आणि फळी आधी ठोक.