वाचकांचे प्रश्न : कोंबड्यांतील अचानक मरतूक

सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत यावेळी कोंबड्या पटापट मरत असल्याच्या तक्रारी जास्त आहेत आणि जवळजवळ प्रत्येकाने एकच विचारले आहे : औषध कोणते द्यावे? कारण कळल्याशिवाय औषधाचे नाव सांगणे घातक ठरते, म्हणून उत्तरे कारणापासून सुरू केली आहेत.

प्रश्न : परसात 130 गावरान कोंबड्या होत्या, चार दिवसांत 40 मेल्या. हिरवट-पांढरी हगवण, चोच उघडून श्वास घेणे, काहींची मान वाकडी. दुकानातून टेट्रासायक्लीन आणून पाण्यातून दिली, फरक पडला नाही. (वाचक, ता. मोहोळ)

उत्तर : ही लक्षणे राणीखेतची, म्हणजे गावाकडे जिला मानमोडी म्हणतात त्या रोगाची आहेत. रोग विषाणूचा असल्यामुळे टेट्रासायक्लीनच काय, कोणतेही प्रतिजैविक त्यावर चालत नाही. मात्र बर्ड फ्लूची मरतूकही डोळ्यांना अशीच दिसू शकते. डोके-तोंड सुजणे, तुरा निळा-जांभळा पडणे, पायांच्या नळीवर रक्ताचे डाग आणि एक-दोन दिवसांत बहुतेक कळप आडवा होणे, अशी चिन्हे असतील तर संशय आणखी बळावतो. 2006 मध्ये नवापूरला आणि जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघालेला आहे. खात्री प्रयोगशाळेतच होते, म्हणून आजच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. बर्ड फ्लूचा संशय कळवणे 2009 च्या केंद्रीय कायद्याने पालकावर बंधनकारकही आहे.

डॉक्टर येईपर्यंत एकही कोंबडी, अंडे किंवा खत घराबाहेर जाऊ देऊ नका. 'मरण्याआधी बाजार दाखवू' म्हणून आठवडी बाजारात नेलेल्या कोंबड्यांमुळेच हा रोग गावोगाव पसरतो. आजारी कोंबडी कापून खाऊही नका. कापताना रक्त आणि पिसांशी जो संपर्क येतो तोच धोक्याचा. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, कुत्री आणि कावळे त्या शेजारच्या वस्तीवर पोचवतात. विहीर-बोअरपासून लांब चार-पाच फूट खोल खड्डा घ्या, तळाला आणि कोंबड्यांवर चुना पसरा, वर किमान तीन फूट माती येऊ द्या. आधी निरोग्यांचे खाद्य-पाणी करा, आजाऱ्यांकडे शेवटी जा, आणि त्यांच्याकडे गेलेली चप्पल परत आत आणू नका.

निदान राणीखेत निघाले तर ज्यांच्यात रोग आधीच शिरला आहे त्यांना लस वाचवू शकत नाही. प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. उरलेल्यांना तातडीची लस द्यायची की नाही, हे डॉक्टरांनी कळप पाहून ठरवावे. जगलेल्या काहींची मान वाकडीच राहते. त्यांना दाणा टिपता येत नाही, म्हणून ओला भरडा हाताने भरवावा लागतो.

पुढच्या पिल्लांना 5 ते 7 व्या दिवशी लासोटा किंवा एफ-1 या राणीखेतच्या लशीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात लासोटाचा बूस्टर आणि आठव्या आठवड्यात आर-2-बी 0.5 मिली कातडीखाली, हा क्रम धरा. आर-2-बी जहाल लस आहे, सहा आठवड्यांच्या आत देऊ नका. ती देण्याच्या आठवडाभर आधी जंतनाशक द्या. 'लस दिली तरी मेल्या' अशी तक्रार पुष्कळांची असते. तिथे दोष बहुधा वाहतुकीचा असतो : सोलापूरच्या उन्हात खिशातून किंवा गाडीच्या डिकीतून आणलेली कुपी घरी येईपर्यंत निकामी झालेली असते. थर्मासमध्ये बर्फ घालूनच कुपी आणा आणि विरघळवल्यापासून दोन तासांत संपवा. पाण्यातून देणार असाल तर आदल्या दिवसापासून पाण्यात ब्लीचिंग किंवा कोणतेही जंतुनाशक नको, आणि लस मिसळण्यापूर्वी लिटरला 2 ते 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. कुपी किमान शंभर डोसांची येते. वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी मिळून एकाच सकाळी लसीकरण केले तर खर्च वाटला जातो आणि शेजारून येणारा रोगही अडतो.

प्रश्न : 1500 ब्रॉयलर, वय 36 दिवस. रोज दुपारी तीन ते सहा या वेळेत 30-40 मरतात. सकाळी एकही नाही. वजनदार पक्षी आधी जातात. (वाचक, ता. अक्कलकोट)

उत्तर : मरण्याची वेळ आणि वजन, या दोन गोष्टी उष्माघाताकडे बोट दाखवतात. संसर्गाची मरतूक घड्याळ पाहत नाही. शवविच्छेदनात छातीचे मांस शिजल्यासारखे फिकट दिसले तर शंका उरत नाही.

सकाळी दहा ते सायंकाळी पाच खाद्य उचलून ठेवा, कारण खाद्य पचताना शरीरात जास्तीची उष्णता तयार होते आणि ती नेमकी दुपारी भोवते. पहाटे चारला दिवे लावून खाऊ घाला. त्यानंतर पाण्याची टाकी पाहा. पत्र्यावरची काळी टाकी दुपारी इतकी तापते की पक्षी चोच लावून मागे फिरतात. टाकी सावलीत आणा, तिला ओले पोते गुंडाळा, पाइपातले तापलेले पाणी दर तासाला सोडून द्या आणि भांड्यांची संख्या निम्म्याने वाढवा. पाण्यातून इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी सकाळीच सुरू करा. पक्षी धापा टाकू लागल्यावर देऊन फारसे साधत नाही. पत्र्याला बाहेरून चुन्याचा पांढरा हात मारा किंवा वर उसाचे पाचट टाकून तुषार सोडा. कोरड्या हवेत फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक धुके सोडणारा फवारा, उत्तम काम करतो, पण वळवाच्या आधी ढग दाटून वारा पडला की तोच फॉगर घुसमट वाढवतो. अशा वेळी फॉगर बंद ठेवा आणि पंखे चालवा. पक्षी धापा टाकत बसले असतील तर मधून हळू चालत त्यांना उठवा, म्हणजे पोटाखाली कोंडलेली उष्णता निघते. उन्हाळ्याच्या बॅचमध्ये प्रत्येक पक्ष्याला एक नव्हे, सव्वा चौरस फूट जागा ठेवा.

प्रश्न : चार आठवड्यांची पिल्ले पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसते, रोज पाच-सात मरतात. (वाचक, ता. बार्शी)

उत्तर : ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. इथे औषध आहे आणि वेळेत दिले तर ते चांगले चालते. अँप्रोलियम 20 टक्के पावडर 100 लिटर पाण्यात 120 ग्रॅम, पाच दिवस. नंतर निम्मी मात्रा आणखी पाच दिवस. त्या काळात दुसरे पाणी ठेवू नका. 'ताकद यावी' म्हणून बी-कॉम्प्लेक्सही सोबत देऊ नका, कारण अँप्रोलियम बी-1 जीवनसत्त्वाची जागा अडवूनच काम करते आणि वरून बी-1 दिले की परिणाम उतरतो. सल्फा औषध डॉक्टरांना विचारूनच द्या. उन्हाळ्यात पिल्ले पाणी जास्त पितात, त्यामुळे मात्रा नकळत वाढून विषबाधा होते.

मूळ पिल्लांखाली अंथरलेल्या गादीत आहे. शेंगांच्या टरफलांची किंवा तुसाची गादी भांड्याभोवती ओली झाली की हे जंतू तिथे वाढतात. ओला थर रोज काढा, चुना मिसळून गादी हलवा आणि भांडी पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर टांगा.

प्रश्न : मेलेली कोंबडी डॉक्टरांकडे कशी न्यावी? आम्ही घरीच फाडून पाहिले तर चालेल का? (वाचक, ता. सांगोला)

उत्तर : घरी फाडू नका. बर्ड फ्लूची शक्यता असताना तो धोका नको. मरतूक भराभर आणि मोठी असेल तर कोंबडीही हलवू नका, आधी फोन करा आणि डॉक्टरांना जागेवर बोलवा.

एरवी नुकत्याच मेलेल्या दोन-तीन आणि एखादी आजारी जिवंत कोंबडी न्यावी. पिसांमुळे आतली ऊब टिकते आणि आपल्याकडच्या उन्हात काही तासांत आतडी सडतात, मग काहीच वाचता येत नाही. म्हणून मेल्याबरोबर कोंबडी साबणाच्या गार पाण्यात बुडवून पिसे पूर्ण भिजवा, दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. त्याच दिवशी पोचणार असेल तर डीप फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठल्याने ऊतींची रचना बिघडते. सोबत एक कागद द्या : वय, जात, एकूण संख्या, तारखेनुसार मरतूक, कोणती लस केव्हा, कोणते औषध दिले, खाद्य कधी बदलले. शेजारच्या डाळिंबात किंवा द्राक्षात फवारणी झाली असेल तर तेही लिहा. एका रात्रीत सगळ्या मेल्या आणि गळ्याखालची पिशवी दाण्यांनी भरलेली असेल तर विषबाधेचा संशय धरतात, आणि तो दाणाच पुरावा असतो.

आतली चिन्हे पाहून डॉक्टर दिशा ठरवतात. गिझर्डच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या, अलीकडच्या जठरात रक्ताचे ठिपके दिसले तर राणीखेत, यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके असले तर कोंबड्यांचा कॉलरा, तीन ते सहा आठवड्यांच्या पक्ष्यात शेपटीजवळची बर्सा ग्रंथी सुजलेली असली तर गंबोरो हा विषाणूचा रोग. यकृत पिवळट आणि ठिसूळ निघाले तर बुरशी लागलेला मका तपासावा लागतो. यांतल्या फक्त कॉलऱ्यावर प्रतिजैविक चालते, आणि तेही डॉक्टरांनी लिहून दिलेले. दुकानदाराने कोलिस्टिन हे प्रतिजैविक पुढे केले तर घेऊ नका. कोंबड्यांसाठी त्यावर 2019 पासून बंदी आहे. गरज पडल्यास नमुने दवाखान्यामार्फत पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात.